मस्टरवर न आलेले दिवस

मराठी माणसाला ‘मस्टर’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कारखान्याच्या फाटकाशी, शाळेच्या कार्यालयात, नगरपालिकेच्या कोठीवर मस्टर असते आणि मस्टरवर सही नसेल तर माणूस आलाच नव्हता, असे धरतात. विशी-बाविशीत मी एका दुष्काळी तालुक्यात रोजगार हमीच्या कामावर हजेरी लिहीत असे. पाझर तलावाचे काम होते. एकदा कोरे मस्टर हाती यायला उशीर झाला. माणसे सोमवारपासून माती वाहत होती. मस्टर सुरू झाले गुरुवारी. पगाराच्या दिवशी हिशेब ऐकून एक बाई म्हणाली, ‘‘दादा, माझे तीन दिस कुठं गेले?’’ मी तिला काय सांगणार? कागदाच्या मते ती गुरुवारी कामावर आली होती.

हाच प्रश्न तीस वर्षांनी मला पुन्हा भेटला, तो अमेरिकेच्या यादवी युद्धात.

तिथवर कसा पोचलो ते आधी सांगतो. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. वाचायची सवय लागली ती कामावरच्या तंबूत, दुपारच्या सुट्टीत. जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ तिथेच पहिल्यांदा वाचले. १८७३ मध्ये निघालेले हे पुस्तक जोतीरावांनी अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना अर्पण केले आहे, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याचे काम केले. पुण्यात बसून एवढ्या दूरच्या माणसांना पुस्तक अर्पण करावेसे वाटले, ती माणसे कोण, हे कुतूहल मनात राहिले. पुढे जुनी अमेरिकन पुस्तके घरबसल्या वाचता येऊ लागली तेव्हा मी सुरुवातीपासून सुरुवात केली. या युद्धात विरोधकांच्या हातून प्रथम मेले ते सैनिक कोण? उत्तर मिळाले, मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सहाव्या मिलिशिया पलटणीतले चौघे. स्थळ बाल्टिमोर, तारीख १९ एप्रिल १८६१. मात्र त्यांचा आणि गुलामांच्या मुक्तीचा संबंध मला वाटला होता तितका सरळ निघाला नाही.

मिलिशिया म्हणजे पगारी फौज नव्हे. गावोगावचे सुतार, लोहार, कारकून, गिरणी कामगार आठवड्या-पंधरवड्याने जमायचे, कवायत करायचे, सणासुदीला मिरवणुकीत बंदुका खांद्यावर घेऊन चालायचे. अमेरिकेची कायम फौज १८६१ च्या आरंभी जेमतेम सोळा हजारांची होती आणि तिचा मोठा भाग पश्चिमेकडच्या दूरदूरच्या ठाण्यांवर विखुरलेला होता. एप्रिलच्या मध्यावर दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांनी सम्टर किल्ला घेतला आणि १५ एप्रिलला अध्यक्ष लिंकन यांनी पंचाहत्तर हजार मिलिशिया सैनिकांची मागणी केली, ती तीन महिन्यांसाठी. तीनच महिने का, तर युद्ध तेवढ्यात आटपेल असा भरवसा अनेकांना होता हे खरे. पण मुख्य कारण कायद्याचे होते. १७९५ च्या कायद्याने मिलिशियाच्या माणसाला वर्षातून तीन महिन्यांपेक्षा जास्त राबवण्याची अध्यक्षांना मुभाच नव्हती. तीन महिने मोजायचे ते नेमून दिलेल्या ठिकाणी माणूस जमल्यापासून. मोजणी कुठून धरायची, यावर पुढे मोठे वाद झाले.

मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर जॉन अँड्र्यू हे सावध गृहस्थ. जानेवारीत पदावर येताच त्यांनी आपल्या राज्याच्या पलटणी सज्ज ठेवायला सुरुवात केली होती. लोक तेव्हा त्यांना हसले. त्यामुळे १५ एप्रिलला हुकूम निघाला आणि १६ तारखेला कर्नल एडवर्ड जोन्स यांची सहावी पलटण जमलीसुद्धा. लोवेलच्या चार कंपन्या, लॉरेन्सच्या दोन, ग्रोटन, अ‍ॅक्टन आणि वुस्टरची एकेक. शिवाय स्टोनहॅम आणि बोस्टनच्या दोन कंपन्या ऐनवेळी जोडून दिल्या. एकूण अकरा कंपन्या, सुमारे सातशे माणसे. अ‍ॅक्टनच्या कंपनीचे नाव होते ‘डेव्हिस गार्ड्स’. हा आयझॅक डेव्हिस अ‍ॅक्टनचाच. इंग्रजांशी झालेल्या पहिल्या लढाईत कॉन्कॉर्डच्या पुलावर तो पडला, तो दिवस १९ एप्रिल १७७५. ही तारीख लक्षात ठेवायला हरकत नाही.

लोवेलबद्दल थोडे जास्त सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडच्या वाचकाला ते गाव परके वाटणार नाही. मेरिमॅक नदीच्या पाण्यावर चालणाऱ्या गिरण्यांचे हे गाव. तिथे चात्यांवर चढणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. त्याच गिरण्यांत एक जाडेभरडे, स्वस्त कापड निघे आणि ते गुलामांच्या अंगावर घालण्यासाठी परत दक्षिणेला जाई. तिकडे त्या कापडाला ‘लोवेल’ असेच म्हणत. म्हणजे गावाचे नावच गुलामाच्या अंगरख्याला लागले होते. सहाव्या पलटणीतली कित्येक पोरे याच गिरण्यांत आणि त्यांच्या यंत्रशाळांत काम करणारी होती. पुढे युद्धाने दक्षिणेचा कापूस अडला तेव्हा लोवेलच्या मालकांनी साठ्यातला कापूस चढ्या भावाने विकून बऱ्याच गिरण्या बंद केल्या आणि कामगारांना घरी बसवले. त्याच वर्षांत इकडे मुंबईत वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, प्रेमचंद रायचंदांचे नाव दुमदुमले, समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळे कोसळले. ती गोष्ट आपल्याकडे पुष्कळांनी लिहिली आहे. लोवेलची बंद गिरणी हे तिचे दुसरे टोक आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

१७ एप्रिलला बोस्टनमध्ये गव्हर्नरांनी पलटणीच्या हाती निशाण दिले आणि संध्याकाळी आगगाडी निघाली. १८ ला न्यूयॉर्क. ब्रॉडवेवर लोटलेली गर्दी, जयघोष, उत्तम न्याहारी. रात्री फिलाडेल्फिया. पुढचे मोठे शहर बाल्टिमोर आणि तिथून राजधानी वॉशिंग्टन. बाल्टिमोर मेरिलँड राज्यात. मेरिलँडने संघराज्य सोडले नव्हते, पण तिथे गुलामगिरी कायदेशीर होती आणि शहरातल्या पुष्कळ लोकांचा कल दक्षिणेकडे होता. याच शहरात देशातली मुक्त कृष्णवर्णीयांची सर्वांत मोठी वस्ती होती आणि फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये दास्यातून निसटले तेही याच शहरातून. असे ते दुभंगलेले गाव.

पुढचे अरिष्ट एका स्थानिक नियमामुळे ओढवले, असे म्हटले तरी चालेल. बाल्टिमोरच्या भर वस्तीतून वाफेचे इंजिन न्यायला बंदी होती. फिलाडेल्फियाकडून येणारी गाडी प्रेसिडेंट स्ट्रीटच्या स्टेशनवर थांबे, डबे सुटे करून त्यांना घोडे जुंपत आणि प्रॅट स्ट्रीटवरच्या रुळांवरून ते सुमारे सव्वा मैल ओढत कॅम्डेन स्टेशनला नेत. तिथे पुन्हा इंजिन. कर्नल जोन्स यांना धोक्याची कल्पना आली होती. त्यांनी गाडीतच काडतुसे वाटली, बंदुका भरून ठेवायला सांगितल्या आणि ताकीद दिली की शिव्या पडोत, दगड पडोत, उलट वार करायचा नाही; गोळी आली तरच गोळी.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला गाडी पोचली. पहिल्या सात कंपन्या डब्यांतून कशाबशा पार झाल्या. शेवटच्या डब्यांच्या काचा दगडांनी फुटल्या होत्या. मग जमावाने रुळांवर वाळू ओतली, गोदीतले लोखंडी नांगर आणून आडवे टाकले. मागे चार कंपन्या अडकल्या, सुमारे दोनशे वीस माणसे. त्यांचे नेतृत्व लोवेलचे कॅप्टन अल्बर्ट फॉलन्सबी यांच्याकडे आले. डबे जाणे शक्य नाही म्हटल्यावर त्यांनी माणसे खाली उतरवली, रांगा केल्या आणि पायी निघाले. फरसबंदीचे दगड, विटा, हाती येईल ते पडू लागले. मग गोळ्या आल्या. मग सैनिकांनीही झाडल्या.

या सव्वा मैलाची दोन वर्णने मी शेजारी ठेवून वाचली. एक पलटणीचे धर्मोपदेशक जॉन हॅन्सन यांच्या १८६६ च्या पुस्तकातले. दुसरे बाल्टिमोरचे तेव्हाचे महापौर जॉर्ज विल्यम ब्राऊन यांचे. त्यांनी १८८७ मध्ये त्या दिवसावर पुस्तक लिहिले. ब्राऊन स्वतः धावत आले, फॉलन्सबींच्या हाताला हात मिळवून रांगेच्या अग्रभागी काही अंतर चालले. शहराचा पहिला नागरिक शेजारी दिसला तर जमाव थांबेल, ही आशा. जमाव थांबला नाही. कर्नल जोन्स यांच्या अहवालात असे आहे की, अखेर महापौरांचा धीर सुटला आणि त्यांनी एका सैनिकाची बंदूक घेऊन दंगेखोराला गोळी घातली. ब्राऊन यांनी पुस्तकात हे साफ नाकारले आहे. माझा कौल ब्राऊन यांच्या बाजूने आहे. जोन्स पहिल्या कंपन्यांबरोबर पुढे गेले होते. ते तिथे नव्हतेच. ऐकीव गोष्ट अहवालात शिरली की तिला खरेपणाचा शिक्का बसतो, हे हजेरी लिहिणाऱ्या माणसाला वेगळे सांगायला नको.

शेवटी पोलिस प्रमुख जॉर्ज केन आपल्या शिपायांसह मध्ये पडले आणि पिस्तुले रोखून त्यांनी जमाव मागे रेटला. केन मनाने दक्षिणेचे, तरी त्या दिवशी त्यांनी कर्तव्य केले. चार सैनिक मेले, छत्तीस जखमी झाले. शहराचे बारा नागरिक मेले. या बारांविषयी उत्तरेकडची पुस्तके फार बोलत नाहीत. बाल्टिमोरच्या बाजूने या दिवसाची आठवण एका गाण्याने धरून ठेवली, ‘मेरिलँड, माय मेरिलँड’. १९३९ पासून ते राज्याचे अधिकृत गीत होते. २०२१ मध्ये काढून टाकले.

मेलेले चौघे कोण? ल्यूथर लॅड, वय सतरा, लोवेलच्या यंत्रशाळेतला पोरगा. अ‍ॅडिसन व्हिटनी, लोवेलच्याच गिरणीतला. सम्नर नीडहॅम, लॉरेन्सचा, गिलावा करणारा गवंडी. तो काही दिवस तग धरून गेला. आणि चार्ल्स टेलर. याची गोष्ट मी पुनःपुन्हा वाचली. रंगकाम करणारा हा तरुण १७ तारखेला, म्हणजे पलटण निघाली त्याच दिवशी, बोस्टनमध्ये भरती झाला. त्याला पुरता गणवेशही मिळाला नव्हता. फक्त वरचा कोट. त्यामुळे प्रॅट स्ट्रीटवर त्याचा देह पडला तेव्हा तो सैनिक आहे हे कोणाला कळले नाही आणि त्याला बाल्टिमोरमध्येच पुरले. गव्हर्नर अँड्र्यू यांनी महापौरांना तार करून आपल्या मृतांचे देह जपून, मायेने पाठवायला सांगितले होते. त्याप्रमाणे लॅड आणि व्हिटनी घरी पोचले. लोवेलने मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांना मोठ्या मानाने निरोप दिला. टेलर गेला नाही. त्याच्या घरच्या माणसांचाही माग लागला नाही. दोन दिवसांचा सैनिक.

जखमींची गोष्टही सांगण्यासारखी आहे. अ‍ॅडेलिन टायलर नावाच्या, बाल्टिमोरमध्ये सेवाकार्य करणाऱ्या बाई पोलिस ठाण्यावर गेल्या आणि दोघा जखमींना आपल्या घरी घेऊन आल्या. त्या मूळच्या मॅसॅच्युसेट्सच्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास उरलेली पलटण वॉशिंग्टनला पोचली. तिला राहायला जागा दिली ती थेट सिनेटच्या सभागृहात. पेटंट कचेरीत काम करणारी क्लारा बार्टन ही वुस्टरकडचीच. गावची पोरे आली म्हणून ती खाण्याचे पदार्थ, रुमाल, सुया-दोरे घेऊन आली आणि सभापतीच्या आसनावरून तिने त्यांना वुस्टरचे वर्तमानपत्र वाचून दाखवले. पुढे अमेरिकन रेड क्रॉस उभी करणारी ती हीच. तिच्या कामाचा आरंभ या पलटणीपासून झाला.

आता मस्टर. पलटण गावातून निघाली १६ एप्रिलला. माणसे मेली १९ ला. आणि केंद्र सरकारच्या सेवेत पलटणीची रीतसर नोंद झाली, म्हणजे मस्टर झाले, ते २२ एप्रिलला. तारखा तीन-चार ठिकाणी ताडून पाहिल्या. प्रत्येक वेळी तेच निघाले. लॅड, व्हिटनी आणि टेलर देशासाठी मेले, पण देशाच्या हजेरीपटावर त्यांचे नाव चढायला अजून तीन दिवस होते. राज्याच्या यादीत ते होते, हे खरे. गावाने त्यांना विसरावे असे काही झाले नाही, हेही खरे. १७ जून १८६५ रोजी लोवेलमध्ये लॅड आणि व्हिटनीच्या स्मारकाचे अनावरण झाले. ते १९ एप्रिललाच करायचे ठरले होते, पण १५ तारखेला, त्या पहिल्या हाकेला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, लिंकन गेले. तरीही २२ हा आकडा पाहिला की मला पाझर तलावावरची ती बाई आठवते.

पण याहून मोठी गळती एक दिवस आधी झाली होती. १८ एप्रिलला पेनसिल्व्हेनियाच्या पाच कंपन्या याच बाल्टिमोरमधून गेल्या. त्यांतल्या पॉट्सव्हिलच्या एका कंपनीबरोबर निकोलस बिडल नावाचा साठी ओलांडलेला कृष्णवर्णीय माणूस होता, कॅप्टन जेम्स रेन यांचा खासगी सेवक. अंगावर कंपनीचाच गणवेश. गणवेशातला काळा माणूस पाहून जमाव पिसाळला. कोणीतरी फेकलेला दगड डोक्याला लागून बिडल रक्तबंबाळ झाला. त्याच सकाळी हॅरिसबर्गला त्या पाच कंपन्यांचे मस्टर झाले होते. गोऱ्या माणसांची नावे चढली, बिडलचे नाही. चढणे शक्यच नव्हते. १७९२ च्या कायद्याने मिलिशियात फक्त गोऱ्या पुरुषांना जागा होती. १८६४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोठ्या मदतजत्रेत बिडलचे छायाचित्र विकले गेले, ‘युद्धात जखमी झालेला पहिला माणूस’ म्हणून. पेन्शन मात्र नाही, कारण पेन्शनला मस्टर लागते. १८७६ मध्ये तो गरिबीत वारला. या युद्धात पहिले रक्त याचे सांडले, एवढे पॉट्सव्हिलच्या मित्रांनी त्याच्या थडग्यावर कोरून ठेवले.

इथे मला जोतीरावांची अर्पणपत्रिका पुन्हा काढून पाहावी लागली. कारण १८६१ च्या एप्रिलमध्ये सहावी पलटण गुलामांना सोडवायला निघाली नव्हती. संघराज्य राखायला निघाली होती. तिचे ब्रिगेडियर बेंजामिन बटलर यांनी तर बाल्टिमोरनंतर चौथ्या दिवशी मेरिलँडच्या गव्हर्नरांना कळवले, की तुमच्या राज्यात गुलामांचा उठाव होईल अशी भीती असेल, तर तो मोडायला माझे सैनिक हजर आहेत. अँड्र्यू यांनी त्यांना त्याबद्दल खडसावले, हे आपले नशीब. तेच बटलर महिनाभरात मन्रो किल्ल्यावर आश्रयाला आलेल्या गुलामांना मालकांकडे परत द्यायला नकार देतात. माणसे एका जागी उभी नव्हती; दर महिन्याला सरकत होती. जोतीरावांनी ज्यांना वंदन केले ते लोक १८६१ मध्ये तयार मिळाले नव्हते. त्यांतले पुष्कळ युद्धाने घडवले.

बरे, तीन महिन्यांच्या या पलटणीने लढाई कोणती मारली? एकही नाही. प्रॅट स्ट्रीटचा सव्वा मैल सोडला तर १८६१ मध्ये तिच्या वाट्याला पहारेच आले. पण १९ च्या रात्री बाल्टिमोरच्या उत्तरेकडचे रेल्वेपूल जाळण्यात आले आणि राजधानी जवळजवळ आठवडाभर तुटून पडली, तेव्हा वॉशिंग्टनमध्ये बंदूकधारी माणसे मोजकीच होती आणि त्यांत ही सहावी पलटण होती. लिंकन खिडकीतून वाट पाहत. भेटायला आलेल्या या पलटणीच्या जखमींना ते उद्वेगाने म्हणाले, की उत्तर नावाचा मुलूख आहे की नाही याचीच मला आता शंका येते. डोळ्यांना दिसता ते तुम्हीच. न्यूयॉर्कची सातवी पलटण २५ ला पोचली आणि जीव भांड्यात पडला. पलटणीचे सर्वांत मोठे काम तोवर झाले होते. पुढे मेपासून तिने रिले हाऊस या रेल्वे-नाक्यावर पहारा दिला.

मुदतीच्या पलटणींची खरी परीक्षा जुलैत झाली. तीन महिने भरत आले, हाताशी असलेली फौज घरी जाईल, म्हणून घाईघाईने बुल रनची लढाई २१ जुलैला घेण्यात आली. त्या सकाळी पेनसिल्व्हेनियाची चौथी पलटण आणि न्यूयॉर्कच्या आठव्या मिलिशियाची तोफखाना-तुकडी मुदत भरली म्हणून परत फिरली. सेनापती मॅकडॉवेल यांनी अहवालात बोचरे लिहिले, की शत्रूच्या तोफा ऐकू येत असताना हे लोक मागच्या दिशेला चालते झाले. त्या वाक्याने ही पलटण इतिहासात बदनाम झाली. मी मात्र तिला चटकन भ्याड म्हणणार नाही. तिचे मस्टर २० एप्रिलचे होते. तीन महिन्यांचा करार होता, तीन महिने भरले होते, घरी पेरलेले शेत आणि तोंडे होती. करार एका बाजूने वाढवायचा नसतो. पण तिचे कर्नल जॉन हार्टरॅन्फ्ट मागे राहिले, दुसऱ्यांच्या हाताखाली दिवसभर लढले आणि पंचवीस वर्षांनी, १८८६ मध्ये, त्याबद्दल त्यांना सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. एकाच मस्टरवरची माणसे, एकच तारीख, आणि दोन वाटा.

मोजणीच्या वादाची एक गंमत शर्मन यांनी नोंदवली आहे. त्यांच्या हाताखालच्या न्यूयॉर्कच्या एकोणसत्तराव्या पलटणीतला एक कॅप्टन लढाईनंतर ‘मुदत संपली, मी जातो’ म्हणून निघाला. शर्मन यांनी त्याला गोळी घालायची धमकी दिली. तेवढ्यात लिंकन छावणीत आले. कॅप्टनने त्यांच्याकडेच गाऱ्हाणे नेले. अध्यक्ष वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजले, की बाबा, मी तुझ्या जागी असतो तर सावध राहिलो असतो. हा माणूस बोलल्याप्रमाणे करील असे दिसते.

सहाव्या पलटणीचे तीन महिने, २२ एप्रिलपासून धरले तर, २२ जुलैला पुरे होत होते. ती २९ तारखेपर्यंत रिले हाऊसला राहिली आणि २ ऑगस्टला बोस्टनमध्ये सेवामुक्त झाली. म्हणजे मागे अकरा दिवस जादा. सुरुवातीचे मस्टरवर न आलेले सहा दिवस त्यात धरलेले नाहीत.

याच पलटणीने पुढे दोनदा मुदतीची सेवा केली. १८६२ मध्ये नऊ महिने, आता कर्नल झालेल्या फॉलन्सबींच्या हाताखाली. व्हर्जिनियातल्या सफोकला लाँगस्ट्रीटचा वेढा पडला तेव्हा ती तिथे होती. घरी जायला तीन आठवडे उरलेले असताना, १५ मे १८६३ रोजी, कॅर्सव्हिलजवळ माघारीचा हुकूम झाला. लोवेलच्या कंपनीतला जोसेफ स्वेट हा साधा सैनिक उलट धावत गेला, जखमी सोबत्यांपाशी बसून राहिला आणि पकडला गेला. त्यालाही शौर्यपदक मिळाले. तिसरी खेप १८६४ च्या उन्हाळ्यात, शंभर दिवसांची. त्यातला बराच काळ डेलावेअर नदीतल्या बेटावरच्या किल्ल्यात कैद्यांवर पहारा देण्यात गेला. त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही.

महापौर ब्राऊन यांचे काय झाले ते सांगायचे राहिले. सप्टेंबर १८६१ मध्ये केंद्र सरकारने त्यांना खटल्याविना कैद केले. एक वर्षाहून अधिक काळ ते या ना त्या किल्ल्यात होते आणि शेवटचा मुक्काम बोस्टनच्या बंदरातल्या वॉरन किल्ल्यात पडला. मॅसॅच्युसेट्सच्या सैनिकांबरोबर दगडांच्या माऱ्यात चाललेला माणूस मॅसॅच्युसेट्सच्याच तुरुंगात. त्यांच्या पुस्तकात याबद्दल कडवटपणा फारसा नाही; मला तरी जाणवला नाही.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले आणि सहावी मॅसॅच्युसेट्स पुन्हा मस्टरवर आली. मे महिन्यात ती दक्षिणेकडे निघाली ती बाल्टिमोरवरूनच. सदतीस वर्षांपूर्वी जिथे वाळू आणि नांगर आडवे पडले होते त्या शहराने या वेळी फुले आणि खाण्याची पाकिटे देऊन तिचे स्वागत केले. १८६१ मध्ये प्रॅट स्ट्रीटवर अडकलेल्या चार कंपन्यांपैकी एक होती स्टोनहॅमची, तिचे अक्षर ‘एल’. १८९८ च्या पलटणीतही ‘एल’ कंपनी होती. ती बोस्टनची होती, तिचे कॅप्टन विल्यम विल्यम्स होते, आणि कॅप्टनपासून शिपायापर्यंत त्या कंपनीतली सगळी माणसे कृष्णवर्णीय होती. त्या सगळ्यांची नावे मस्टरवर होती.